आभाळासाठी पळीभर तेल



आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पुरी होत आहेत. या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकेत नेहमीप्रमाणे कुरडयांची कृती किंवा बाळंतिणीचा आहार यावर मला लिहावयास सांगितले असते, तर माझी तारांबळ उडाली नसती. परंतु अध्यक्षाबाईंनी मला इतिहासाचा विषय दिला. तो का दिला हे आधी सांगितले पाहिजे, कारण तो मला झालेला गोड दंड आहे.

गेल्या संक्रांतीला हळदीकुंकू आटोपल्यावर आपली सभा झाली. निम्म्या भगिनी तेव्हा ऊसतोडीस कारखान्यांवर गेलेल्या होत्या. त्यांच्यासाठी हकिगत सांगते. पापड, शेवया, कुरडया विकून पाच वर्षांत मंडळाच्या पेटीत २२,००० रुपये साठले आहेत. त्यांतून पाण्याची टाकी घ्यावी, असे बहुतेकींच्या मनात होते. इतक्यात आपल्या एका तरुण भगिनीने सूचना मांडली की, मुलींच्या शाळेला एक सूक्ष्मदर्शक यंत्र द्यावे. पाण्याच्या थेंबातले जीव मुलींना डोळ्यांनी दिसतील. बोलता बोलता तिने हेही सांगितले की, आपल्याच महाराष्ट्रातील एका शास्त्रज्ञांनी मोठा फुगा ४१ किलोमीटर उंच सोडून तेथल्या हवेत जीवजंतू आहेत काय ते पाहिले होते, आणि पृथ्वीवरचा जीव मुळात आकाशातून आला की काय, याचा शोध केला होता.

तेव्हा मी उभी राहिले आणि म्हणाले, "इथे हंडाभर पाण्यासाठी बायका पहाटे तीनला उठतात आणि आभाळात किडे शोधायला पैसा? पोट भरलेल्यांचे हे चाळे!" सगळ्या हसल्या. दोघीतिघींनी टाळ्याही वाजवल्या. सूचना तेथेच बारगळली आणि ती मुलगी खाली मान घालून तिळगुळाचे डबे आवरू लागली.

अध्यक्षाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तुमचे म्हणणे खरेही असेल. पण असल्या कामाला आजवर पैसा कोणी दिला, का दिला आणि त्याचे पुढे काय झाले, हे तुम्ही शोधून स्मरणिकेत लिहा. मग वार्षिक सभेत काय ते ठरवू."

मी सातवी शिकलेली बाई. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. वाचनालयातून पुस्तके आणली, शाळेच्या गुरुजींना विचारले, मुलाकडून मोबाइलवर शोधून घेतले. जे दोन ठिकाणी ताडून पाहिले तेवढेच येथे लिहिते. विद्वत्ता शोधू नये. निवडलेल्या तांदळासारखे आहे तेवढे घ्यावे.

प्रथम अगदी जवळची आणि फार जुनी गोष्ट. गणित आणि ज्योतिष यांत ज्यांचे नाव जगभर गाजले ते भास्कराचार्य शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४ मध्ये जन्मले. त्यांनी आपल्या गावाचे नाव विज्जडविड असे दिले आहे. ते गाव कोणते यावर विद्वानांत वाद आहे. काहींनी ते आपले बीड असल्याचे म्हटले, तर काही ते चाळीसगावजवळच्या पाटणच्या परिसरात असल्याचे मानतात. बीडचा मान मिळाला तर मला आवडेल, पण हट्ट धरण्यात अर्थ नाही. निश्चित आहे ते पाटणचेच. तेथे देवीच्या देवळात एक शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ साली प्रसिद्ध केला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून मठ स्थापला आणि निकुंभ घराण्याच्या राजाने त्याला शके ११२८, म्हणजे सुमारे १२०७ साली दान दिले, असे त्यात लिहिले आहे.

वाचता वाचता मी थबकले ते शेवटच्या भागापाशी. तो भाग जुन्या मराठीत आहे आणि मठाचा खर्च कसा चालावा ते त्यात सांगितले आहे. पाटणच्या पेठेत जो माल विकला जाईल त्यावरचे राजाचे उत्पन्न मठाला. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या. तेलाच्या जितक्या घाण्या चालतील, त्या प्रत्येकीमागे एक एक पळी तेल. पळी म्हणजे आपण वरणावर फोडणी घालतो तीच पळी. ग्रहताऱ्यांचे गणित शिकणाऱ्या मुलांच्या दिव्यांत जे तेल जळत होते, ते तेल्याच्या घाणीवरून पळी पळी करून आलेले होते. त्या तेल्याच्या घरीसुद्धा एखादी बाई माझ्यासारखी पुटपुटली असेल, "आपल्या पोरांना भाकरीवर तेल नाही आणि चालले मठाला!" पण पळी दिली गेली. आज मठ नाही, घाण्या नाहीत. दगडावर हिशोब मात्र राहिला आहे.

आता मध्ये सात शतके सोडून आपल्या आजे-पणज्यांच्या काळाकडे येते. तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी आपण त्यातून मुक्त झालो. त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेस, नवाब जफर जंग नावाचे एक हौशी सरदार होते. त्यांनी विलायतेहून १५ इंच व्यासाची मोठी दुर्बीण मागवली आणि १९०१ च्या सुमारास वेधशाळा उभारली. १९०७ साली ते वारले. एका माणसाच्या हौसेवर उभे राहिलेले काम त्याच्याबरोबर संपायचे, तसे येथेही झाले असते. परंतु १९०८ साली निजाम सरकारने वेधशाळा आपल्याकडे घेतली. जगातल्या अनेक वेधशाळांनी मिळून साऱ्या आकाशाची छायाचित्रे घेऊन ताऱ्यांची यादी करण्याचे काम वाटून घेतले, त्यात निजामिया वेधशाळेने आपला वाटा उचलला आणि साडेसात लाखांहून अधिक तारे नोंदले. सरकारी खजिना म्हणजे शेतसारा. म्हणजे या बालाघाटच्या डोंगरातल्या बाजरी-ज्वारीचाही कण त्या ताऱ्यांच्या यादीत पडला असणारच. अर्थात त्या सरकारने आपल्या लोकांना पुरेशा शाळाही दिल्या नव्हत्या, हेही विसरून चालणार नाही.

पाटणचे काम काय आणि हैदराबादेचे काय, ते आकाश मोजण्याचे होते. आकाशात कोणी राहते काय, याच्या शोधासाठी पैसा ठेवणाऱ्यांत एक बाई फार आधीची आहे, हे वाचून मला फार नवल वाटले. फ्रान्स देशातील क्लारा गुझमान नावाच्या या बाईंनी आपल्या मृत्युपत्रात एक लाख फ्रँक ठेवले. जो कोणी दुसऱ्या ग्रहगोलाशी निरोपाची देवाणघेवाण करील, त्याला ते द्यावे, असे त्यात होते. १९०० साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने हे पारितोषिक जाहीर केले. बाईंनी त्याला आपल्या मुलाचे, पिएर याचे नाव दिले. गंमत अशी की मंगळ या स्पर्धेतून वगळला होता. मंगळावर वस्ती आहेच आणि त्यांच्याशी बोलणे सोपे आहे, असे त्या काळी पुष्कळांना वाटत होते! आज आपण हसतो. पण त्या बाईने आपल्या समजुतीप्रमाणे पैसा ठेवला, समजूत चुकली. बक्षीस कोणाला मिळत नाही तोवर व्याजातून खगोलशास्त्रज्ञांना मदत मिळत गेली. मुलाच्या नावाने मायबाप धर्मशाळा बांधतात, पाणपोई घालतात. या बाईने आकाशाला हाक मारण्यासाठी पैसा ठेवला.

यानंतर अमेरिकेची हकिगत सांगितली पाहिजे, कारण माझ्यासारखे बोलणारे तेथेही निघाले. आकाशातून कोणी बुद्धिमान प्राणी रेडिओच्या लहरींवर संदेश पाठवीत असतील तर ते मोठ्या तबकडीसारख्या दुर्बिणींनी ऐकावेत, अशी योजना तेथल्या नासा या सरकारी संस्थेने १२ ऑक्टोबर १९९२ रोजी सुरू केली. खर्च वर्षाला सुमारे एक कोटी वीस लाख डॉलर. नासाच्या एकंदर खर्चाच्या मानाने हजारात एक रुपयाहूनही कमी. वर्षभरातच रिचर्ड ब्रायन नावाच्या सिनेट सभासदाने ठराव आणला, करदात्यांच्या पैशावर मंगळवासीयांची शिकार नको अशा अर्थाची थट्टा केली, आणि १९९३ साली पैसा बंद झाला. हे वाचताना माझे कान गरम झाले. संक्रांतीच्या सभेत मी केले ते हेच. मी हिशोब मांडला नव्हता, हसू मांडले होते. हसण्याने सूचना पडते, पण ती चूक होती की बरोबर होती हे त्याने ठरत नाही.

सरकारने हात काढल्यावर तेथले शास्त्रज्ञ लोकांकडे गेले. संगणकाच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या काही गृहस्थांनी देणग्या दिल्या आणि काम पुन्हा चालू झाले. त्याला त्यांनी फिनिक्स हे नाव दिले. राखेतून पुन्हा उठणाऱ्या पक्ष्याचे ते नाव आहे. पुढे २०१५ साली युरी मिल्नर या धनिकाने अशाच शोधासाठी दहा वर्षांत दहा कोटी डॉलर देण्याचे जाहीर केले. देणाऱ्याची दानत मोठीच. पण एकाच झाडाच्या सावलीत सगळ्यांनी बसावे तसे ते असते. झाड आहे तोवर सावली.

आता आपल्या घरच्या प्रयोगाकडे येते, ज्याला मी चाळे म्हटले होते.

ते शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. जयंत विष्णू नारळीकर. जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८. वडील बनारसला गणिताचे प्राध्यापक. शिक्षण बनारस आणि केंब्रिज येथे. केंब्रिजला त्यांचे गुरू होते फ्रेड हॉईल. नारळीकर १९७२ साली मायदेशी परत आले, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केले आणि १९८८ साली पुण्यात आयुका ही संस्था उभी केली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पैशावर ती चालते. मराठीत त्यांनी विज्ञानाच्या कथा लिहिल्या, २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २० मे २०२५ रोजी पुण्यात ते निवर्तले. त्यांच्या पत्नी मंगलाताई स्वतः गणिताच्या विदुषी होत्या. त्या २०२३ साली गेल्या.

गुरू हॉईल आणि त्यांचे सहकारी विक्रमसिंघे यांचे मत असे होते की, जीवाचे बीज धूमकेतूंबरोबर आकाशात फिरते आणि त्यातूनच पृथ्वीवर आले. बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटत नव्हते. नारळीकरांचे म्हणणे साधे होते: वाद घालत बसण्यापेक्षा वर जाऊन पाहावे. तसे बीज वरून पडत असेल, तर फार उंचावरच्या हवेत ते सापडले पाहिजे. यासाठी रॉकेट लागत नाही, फुगा पुरतो. आणि फुगा रॉकेटहून पुष्कळ स्वस्त. असे जगावेगळे प्रश्न घेऊन गेले की पैसेवाले दार लावून घेतात. येथे आपल्या इस्रो संस्थेने पैसा दिला. फुगे सोडण्याची सोय टाटा संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रात होती.

पहिला फुगा २१ जानेवारी २००१ रोजी गेला, दुसरा २० एप्रिल २००५ रोजी. दुसऱ्याचा आकार २ कोटी ६७ लाख घनफूट होता आणि त्याखाली ४५९ किलो वजनाचे यंत्र टांगले होते. विमाने ज्या वाटेने जातात त्याच्या जवळजवळ चौपट उंच, २० पासून ४१ किलोमीटरपर्यंत त्याने हवा गोळा केली. यंत्रात पोलादाच्या नळ्या होत्या. त्या आधी जंतुरहित करून आतली हवा पूर्ण काढून घेतली होती, आणि बाहेरून द्रवरूप निऑन वायूने गार ठेवल्या होत्या. तो इतका थंड असतो की थंड तांब्यावर दव धरावे तशी वरची विरळ हवा नळीत शिरून आतल्या भिंतीला गोठून बसते. मग झडप बंद आणि सगळे यंत्र छत्रीने खाली.

खरी कसोटी पुढेच होती, आणि ती आपल्याला चांगली कळेल. कैरीचे लोणचे घालताना बरणी उकळत्या पाण्याने धुवून उन्हात वाळवतो, ओला हात लागू देत नाही. तरी एखादे वर्षी बुरशी येतेच. मग वाद होतो, बुरशी बरणीत होती की चमच्याबरोबर आली. शास्त्रज्ञांपुढे हाच वाद होता. नळीत जंतू सापडला, तर तो आकाशातला की कोणाच्या हातचा? म्हणून २००५ चे नमुने दोन निरनिराळ्या ठिकाणी, हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात आणि पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात, स्वतंत्रपणे तपासले. दोन सुनांनी एकमेकींना न विचारता एकच हिशोब करावा तसे.

मार्च २००९ मध्ये निकाल जाहीर झाला. जिवाणूंच्या १२ वसाहती आणि बुरशीच्या ६ सापडल्या. जिवाणूंपैकी ९ पृथ्वीवरच्या ठाऊक जातींशी शेकडा ९८ हून अधिक जुळत होते. तीन मात्र अगदी नव्या जातींचे निघाले, आणि उन्हातले जे घातक अतिनील किरण जंतूंना मारतात, ते सोसण्याची ताकद त्यांच्यात जवळच्या जातींपेक्षा जास्त होती. एकाला गुरू हॉईल यांचे नाव दिले, एकाला इस्रोचे आणि एकाला आपल्या आर्यभटाचे.

मग हे जंतू परग्रहावरचे होते काय? येथे मला इस्रोबद्दल आदर वाटला. त्यांनी स्पष्ट सांगितले की, यावरून जंतू पृथ्वीबाहेरून आले असे सिद्ध होत नाही; एवढेच की पुढे शोध करण्यास उत्तेजन मिळते. वादळाने धूळ वर जाते तसे जंतू खालून वर गेले असतील, असे पुष्कळ शास्त्रज्ञांचे मत आहे. पुढे आर्यभटाच्या नावाचा जंतू जमिनीत, पिकांच्या मुळांजवळही सापडला आणि तो पिकाच्या वाढीस कसा उपयोगी पडतो यावर अभ्यास झाला. आकाशात शोधायला गेले आणि ओळख झाली आपल्याच मातीतल्या जिवाची!

इस्रोचे पैसे काय, विद्यापीठ आयोगाचे काय, ते सरकारी पैसे. आणि साबणाची वडी घेताना आपण जो कर भरतो त्यातून ते जातात. म्हणजे त्या फुग्यात धारूरच्या बायकांचेही थेंबभर तेल होते, आपल्याला ठाऊक नव्हते इतकेच. सिद्ध झाले नाही तर झाले नाही असे सांगणारा माणूस हिशोबाचा चोख असतो. आपल्या मंडळात खर्चाचे कागद दाखवणाऱ्या चिटणीसबाईंवर आपण विश्वास टाकतो, तो याच कारणाने.

याच ठिकाणी शेजारीपाजाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट सांगते. हैदराबादहून असे फुगे इतर संशोधनासाठीही सोडतात आणि त्यांची यंत्रे छत्रीला लटकून दूरदूर पडतात. कधी आपल्या मराठवाड्याच्या बाजूलाही येऊ शकतात. शेतात रंगीत छत्री आणि लांब दोरीला बांधलेली पेटी दिसली, तर ती उघडू नये, दोरी कापून घरी नेऊ नये. आत विजेचा दाब असू शकतो, आणि माहिती नासली तर सारा खर्च वाया. पोलिसांना कळवावे म्हणजे संस्थेची माणसे येऊन घेऊन जातात. कळवणाऱ्यास बक्षीसही देतात. न उघडलेली पेटी ही सुद्धा एक वर्गणीच आहे.

आता शेवटचे. हे सारे वाचून झाले तरी माझे मन पूर्ण वळले नव्हते. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण विसरलो नाही. एके रात्री गच्चीवर मी हे टिपण सासूबाईंना वाचून दाखवत होते. त्यांनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली आहे, सुकडी खाऊन दिवस काढले आहेत. मंगळाचे नाव येताच त्यांनी विचारले, "तिथं पाणी हाय का?"

मी म्हणाले, "आत्याबाई, शास्त्रज्ञही सगळ्यांत आधी हेच विचारतात." आणि ते खरे आहे. जिथे पाणी तिथे जीव असण्याचा संभव, म्हणून ते पाण्याच्या मागावर जातात. आपल्या चांद्रयानाने चंद्रावर पाण्याचा अंश दाखवला, तो निकालही २००९ सालचाच. मंगळावर एके काळी नद्या होत्या, तळी होती. २०२१ च्या फेब्रुवारीत नासाची एक गाडी तेथल्या अशाच एका कोरड्या तळ्यात उतरली. हे ऐकून आत्याबाई म्हणाल्या, "म्हंजी आपल्या वढ्यावानीच. मग त्येंचं पानी गेलं कुठं?"

मी सांगितले की, मंगळाची हवा विरळ होत गेली, काही पाणी आकाशात उडून गेले, काही बर्फ होऊन आणि खडकांत मुरून राहिले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कुनी तरी बगाया पायजे गं. आपलं बी तसंच झालं तर?"

ज्या बाईने पाण्यासाठी सर्वांत जास्त सोसले, तिला हा शोध चाळा वाटला नाही. तो मला वाटला होता, नळाला दिवसाआड का होईना पाणी येणाऱ्या घरात बसून. उपग्रहावरून काढलेल्या चित्रांच्या आधारे जमिनीखालच्या पाण्याचे नकाशे करून गावांना विहिरीच्या जागा सुचवण्याचे काम इस्रोनेच केले आहे, हेही मला नंतर कळले. एकाच चुलीवर दोन भांडी चढतात.

तरी माझा जुना मुद्दा मी अगदी सोडलेला नाही. तहानलेल्याच्या तोंडचे पाणी काढून आकाशाला देऊ नये. पाटणच्या शिलालेखातसुद्धा घाणी मागितली नाही, पळी मागितली. म्हणून वार्षिक सभेपुढे माझी सूचना अशी: पेटीतल्या २२,००० रुपयांतून टाकीच घ्यावी. सूक्ष्मदर्शकासाठी वेगळी पळी काढावी. उन्हाळ्याच्या कामात प्रत्येकीने दर दहा पापडांमागे एक पापड यंत्राच्या डब्यात टाकावा. ऊसतोडीहून परतलेल्या भगिनींना ज्या वर्षी जमेल त्या वर्षी त्यांनी द्यावा. शाळेपुरते चांगले यंत्र सुमारे आठ हजारांपर्यंत मिळते. दोन उन्हाळ्यांत ते जमेल. जमाखर्च भिंतीवर लिहावा, दगडावर नको, खडूने चालेल. यंत्र आले की त्याखाली पहिला थेंब आपल्या टाकीतल्या पाण्याचा ठेवावा, म्हणजे टाकी कधी धुवायची तेही मुलीच आपल्याला सांगतील.

संक्रांतीला ज्या मुलीची सूचना मी हसण्यावारी नेली, तिची येथे सर्वांसमक्ष क्षमा मागते. यंत्राच्या डब्यात पहिला पापड माझा आणि दुसरा आत्याबाईंचा. त्यांनी तो आताच बाजूला काढून ठेवला आहे.

चूकभूल द्यावी घ्यावी.

— मंडळाची एक सभासद, धारूर